लंबी रोटी

लंबी रोटी : पालथ्या मडक्यावर भाजलेली गव्हाची मोठी, रुमालासारखी पातळ रोटी. नागपूर शहरात व आसपास हे नाव रूढ आहे; मटका रोटी, मांडे असेही म्हणतात. खानदेशातला मांडा पुरण भरून करतात. नागपूरची रोटी बिनपुरणाची आणि मुख्यतः मटणाच्या झणझणीत रश्शाची सोबतीण, तेव्हा नाव एक असले तरी दोहोंची गल्लत करू नये.

लंबी रोटीला पोळपाट-लाटणे लागत नाही. बारीक चाळलेले पीठ मिठाच्या पाण्यात सैल भिजवतात, इतके सैल की घरच्या पोळ्या करणाऱ्याला ते बिघडलेच असे वाटावे. मग परातीत उचलून-आपटून ते तिंबतात आणि झाकून मुरू देतात. या आपटण्याने व मुरण्याने गव्हातले ग्लुटेन जुळून येते, म्हणून पीठ न तुटता ताणले जाते. ज्वारीत ग्लुटेन नसते. भाकर थापावीच लागते.

खरे कसब पुढे आहे. बाई ओल्या हाताने गोळा उचलते आणि या हातावरून त्या हातावर झुलवते. प्रत्येक झोक्याला तो आपल्याच वजनाने ओघळतो, मनगटावरून कोपराकडे सरकतो, दोन्ही हातांवर पडद्यासारखा लोंबू लागतो. तो तसाच मडक्यावर पडला पाहिजे. हात क्षणभर थबकला की भोक. चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्याखाली लाकडांचा जाळ असतो. त्याच्या गोल पाठीवर रोटी चहूकडून खाली उतरते, कडा बोटांनी ओढून घेतात. थोड्याच वेळात तिच्यावर फोड येतात, तपकिरी ठिपके उमटतात, आणि बाई ती उघड्या हातानेच उचलून घडी घालते. रोटी ‘लाटली’ असे कोणी म्हणत नाही, रोट्या ‘टाकतात’.

हे काम बहुतेक बायांचेच, आणि नागपुरात ते दलित वस्त्यांतल्या बायांनी विशेष जपले. लग्नकार्याला रोट्या टाकण्यासाठी त्यांना मुद्दाम बोलावतात. हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या सावजी रश्शाचे नाव जितके गाजले, तितके या हातांचे गाजले नाही, हे मात्र खटकते.

मराठीत मांड्यांचा मान जुना आहे. विसोबांनी कुंभारांना खापर देऊ दिले नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. या कथेत अडले ते पिठासाठी नव्हे, खापरासाठी. रोट्या टाकणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. मिळण्याची शक्यता नसलेल्या सुखात रमणाऱ्याला ‘मनात मांडे खातो’ म्हणतात, त्यामागेही हा पदार्थ सहजी होत नाही हीच जाणीव असावी.

अशी वस्तू संग्रहालयात ठेवायची कशी? जर्मनीतील उल्म येथे विली आयझेलन यांनी १९५५ मध्ये पावाचे संग्रहालय उभारले. तिथे धान्य, दळण, भट्टी, भूक आणि कला यांविषयीच्या वस्तू आहेत. पाव मात्र मुद्दामच नाही. पाव रोज ताजा भाजायचा असतो, जपून ठेवायचा नसतो, ही त्यामागची भूमिका. नागपुरातही सिव्हिल लाइन्समध्ये १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय आहे, लोकांचा ‘अजब बंगला’. लंबी रोटीचे दालन कधी कुठे झालेच, तर काचेत मडके, परात आणि चूल मांडता येईल. कोपरापर्यंतचा तो झोका मात्र चुलीपाशी उभे राहूनच पाहावा लागतो, डोळ्यांत धूर घेत.

रोटी गरम असताना मऊ, पदर सुटणारी असते. गार झाली की पापडासारखी कडक होते. मग तिचे तुकडे रश्शात बुडवून ठेवतात आणि भिजले की खातात.