सर्व्हरचा प्रोसेसर की लॅपटॉपचा? कार्यालयासाठी खरेदी करण्याआधी वाचा

लॅपटॉपच्या खोक्यावर ४.६ गिगाहर्ट्झ (प्रोसेसरच्या वेगाचे माप) छापलेले असते आणि त्याच्या कितीतरी पट किमतीच्या सर्व्हरवर, म्हणजे अनेकांची कामे एकत्र सांभाळणाऱ्या मशीनवर, २.१. मग महागाचा सर्व्हर का घ्यायचा, असे आमच्याकडे येणारे ग्राहक विचारतात. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाच गोष्टीचे नाहीत. पहिला काही क्षण गाठता येणारा कमाल वेग आहे, तर दुसरा सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) सतत राबत असतानाही टिकणारा मूळ वेग.

इंटेलचा कोअर आय५-१३३५यू पाहा. त्यात १० कोअर असले तरी २ दमदार आणि ८ छोटे, वीज वाचवणारे आहेत. ४.६ चा वेग दमदार कोअरचाच. झटक्याच्या कामाला हा ५५ वॅटपर्यंत वीज ओढतो, पण सतत चालण्यासाठी त्याचा हिशेब १५ वॅटचा आहे. बिल उघडणे, एक्सेलची शीट चाळणे ही कामे तो चटकन करतो. काम लांबले की बहुतेक लॅपटॉपांत अर्ध्याएक मिनिटात वेग उतरतो. हे घरीच तपासता येते: सेव्हन-झिपच्या टूल्स मेनूतला बेंचमार्क चालू करा, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग उघडा आणि दहा मिनिटे आकडा बघत राहा. एकदा चार्जर लावून, एकदा बॅटरीवर. लॅपटॉपच्या हवेच्या जाळीत धूळ साचली असेल तर आकडा आणखी घसरतो.

आता इंटेलचा सर्व्हरसाठीचा झिऑन सिल्व्हर ४३१०. एकसारखे १२ कोअर, २४ थ्रेड (एकावेळी चालणारी कामे), १२० वॅट, कमाल वेग ३.३. मेमरीचे चॅनेल (मेमरी ते प्रोसेसर वाटा) ८, लॅपटॉपच्या बरोबरीने पाहिले तर चौपट. डिस्क आणि नेटवर्क कार्डांसाठी पीसीआय एक्स्प्रेस जोडणीच्या ६४ लेन, म्हणजे डेटाच्या वाटा. एका माणसाचे एक काम यावर लवकर होत नाही. वीस जणांची कामे एकदम आली तरी कोणी ताटकळत नाही, हा त्याचा गुण.

आमच्या मते खरा फरक मात्र ईसीसी मेमरीचा, म्हणजे स्वतःची चूक दुरुस्त करणाऱ्या मेमरीचा आहे, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. मेमरीतला एखादा बिट (० किंवा १) कधीकधी आपोआप पालटतो. ईसीसीत दर ६४ बिटांमागे तपासणीचे ८ बिट जास्त असतात, त्यामुळे एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त होते आणि दोन बिटांची निदान पकडली तरी जाते. साध्या लॅपटॉपमध्ये तो चुकीचा आकडा निमूटपणे फाइलमध्ये जातो, तिथून बॅकअपमध्ये. डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीच्या चिपमध्ये अंतर्गत दुरुस्ती असते म्हणून ईसीसी नको, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ती दुरुस्ती चिपच्या आतपुरती आहे. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक तिला दिसत नाही.

जुन्या झिऑनचा मोह
झिऑन ई५-२६८० व्ही४ असलेले, १४ कोअरचे जुने संच स्वस्तात मिळतात. हा प्रोसेसर २०१६ चा आहे आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. हिशेबाच्या पॅकेजमधला एक रिपोर्ट बहुधा एकाच कोअरवर चालतो, त्यामुळे १४ पैकी १३ कोअर बसून राहतात आणि तोच रिपोर्ट नव्या लॅपटॉपवर आधी निघतो. शिवाय त्यातली रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीची, वेगळ्या रचनेची) मेमरी काढून साध्या डीडीआर४ बोर्डावर लावली तर खाचेत बसते, पण मशीन सुरू होत नाही. मेमरी घेण्याआधी जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो आम्हाला दाखवा.

पाच ते पंधरा जणांच्या कार्यालयाला आम्ही सहसा मधला मार्ग सुचवतो: झिऑन ई-२४३४. ४ कोअर, ८ थ्रेड, मूळ वेग ३.४, कमाल ५, वीज ५५ वॅट. याला ईसीसी लागते ती अनबफर्ड, म्हणजे रजिस्टर्ड नसलेली, डीडीआर५. रजिस्टर्ड पट्टी चालत नाही.

वीज, पाऊस, खारा वारा
अख्खा सर्व्हर सतत १२० वॅट ओढत असेल तर दिवसाला २.८८ युनिट, महिन्याला सुमारे ८६. सरासरी १५ वॅटवर चालणाऱ्या लॅपटॉपला महिन्याला ११ युनिट पुरतात. दोन माणसांच्या दुकानात रात्रभर सर्व्हर चालू ठेवण्याचे काही कारण नाही. गोव्यातल्या कळंगुट, मोरजीसारख्या किनारी भागात खारा दमटपणा आधी पंख्यांवर आणि जोडांवर बसतो. आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे बंद पडून राहिलेल्या मशीनला गंज लवकर धरतो. एसीचा झोत थेट सर्व्हरवर सोडू नका. थंडगार पत्र्यावर खिडकीतून दमट हवा आली की पाणी सुटते. यूपीएस प्युअर साइन वेव्हचाच (घरातल्या विजेसारखी सलग लहर देणारा) घ्या आणि त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा, म्हणजे लाइट गेल्यावर तो व्यवस्थित बंद होईल.

तरीही लॅपटॉपच सर्व्हर म्हणून वापरायचा असेल तर झाकण मिटल्यावर स्लीप होण्याची सेटिंग बंद करा, वाय-फायऐवजी लॅन वायर लावा आणि चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा. कायम पूर्ण चार्जवर, उष्णतेत राहिलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर उचललेला दिसला तर लॅपटॉप त्याच क्षणी बंद करून चार्जर काढा, बॅटरी दाबून बसवू नका. विंडोज ११ च्या परवान्यात फाइल शेअरिंगसाठी एकावेळी २० उपकरणांची मर्यादा आहे, तीही ध्यानात ठेवा.

दर विचारायला येताना एवढे लिहून आणा: एकाच वेळी किती जण काम करतात, कोणते पॅकेज आणि त्याची कोणती आवृत्ती, डेटा फोल्डर किती जीबीचा आहे, आणि मशीन बंद पडले तर किती तास काढता येतील.