पाण्यातील क्षरण (ठाणे खाडीकाठ)

पाण्याच्या संपर्कात एखादा घन पदार्थ विरघळतो, झिजतो किंवा त्याचे दुसऱ्याच संयुगात रूपांतर होते, त्या क्रियेस क्षरण म्हणतात. लोखंडाच्या क्षरणाला मराठीत ‘गंज’ हे स्वतंत्र नाव आहे. तांब्या-पितळेचे आंबट पदार्थाशी जमत नाही, हे ‘कळकणे’ या एका क्रियापदात सांगून झालेले आहे : बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, म्हणजे भांड्यातले तांबे त्यात उतरते.

ठाणे आणि नवी मुंबई यांच्यामधील खाडीचा पट्टा या विषयासाठी सोयीचा आहे, कारण थोड्या अंतरात वेगवेगळी पाणी भेटतात : मासुंदा तलावाचे गोडे, नळाचे क्लोरिनयुक्त, बोअरवेलचे जड आणि खाडीचे खारे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; खाडीत पावसाळ्यात हे प्रमाण उतरते.

पाणी लोखंड खाते, असे आपण सहज म्हणतो; खरे काम पाण्यातल्या ऑक्सिजनचे असते. सळईच्या एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळते आणि दुसऱ्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. एकाच सळईवर तयार झालेला हा विद्युतघट आहे. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून खाऱ्या पाण्यात त्याला वेग येतो. खाडीतला लोखंडी खांब ओहोटीच्या वेळी पाहिला तर हे डोळ्यांना दिसते. सर्वांत जास्त गंज कायम पाण्याखालच्या भागावर चढत नाही. तो भरतीची रेघ आणि तिच्यावरच्या शिंतोड्यांच्या पट्ट्यात चढतो. तिथे ओल, मीठ आणि हवा तिन्ही आलटूनपालटून मिळतात, आणि मोठ्या उधाणाला पाणी जवळजवळ पाच मीटर वरखाली होत असल्याने हा पट्टा चांगलाच रुंद असतो. तळच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, तरी लोखंड तिथे पूर्ण सुरक्षित नाही. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. ओहोटीला येणारा कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच, आणि चिखलाचा काळा रंग लोह सल्फाइडचा.

काँक्रीटमधल्या सळईचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ताज्या काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप; ७ च्या वर अल्कधर्मी) १२.५ ते १३ असतो आणि एवढ्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हा थर दोन वाटांनी मोडतो : हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरून पीएच ९ च्या आसपास आणतो, किंवा मिठातले क्लोराइड सळईपर्यंत पोहोचते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. त्यामुळे सळई आतून फुगते, आधी सळईच्या रेषेत तडा जातो, मग छताचा पोपडा खाली येतो. जुन्या सोसायट्यांत याला ‘स्लॅब पडला’ म्हणतात, पण बहुतेक वेळा पडलेला असतो तो फक्त सळईवरचा थर. त्यावर नुसते प्लास्टर मारणे म्हणजे गंज झाकून ठेवणे. वाशीचा पहिला खाडीपूल (१९७३) याचेच मोठे उदाहरण आहे. त्याच्या काँक्रीटमधील ताण दिलेल्या पोलादी तारा गंजल्या; शेजारचा दुसरा पूल १९९७ मध्ये खुला झाला.

इतर धातूंची तऱ्हा निराळी. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा आपोआप बसतो आणि तोच त्याला राखतो. मात्र आम्ल आणि अल्क दोन्ही त्याला विरघळवतात, म्हणून खिडकीच्या चौकटीवर ओला सिमेंट तसाच राहिला की पांढरे डाग कायमचे उठतात. स्टेनलेस स्टीलमधल्या किमान १०.५ टक्के क्रोमियमचे कामही असेच चालते. क्लोराइड तो थर ठिपक्याठिपक्याने भेदते, त्यामुळे खाडीकडे तोंड केलेल्या बाल्कनीच्या रेलिंगवर तपकिरी ठिपके येतात. स्टेनलेसच्या ज्या प्रकाराला दुकानदार ‘३१६’ म्हणतो त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो. ते ‘३०४’ या नेहमीच्या प्रकारापेक्षा येथे अधिक टिकते, आणि जास्तीचे पैसे इथे तरी वाया जात नाहीत. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते. जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) पाइपावर त्याचा मुलामा असतो तो यासाठीच, आणि लोखंडी बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात तेही यासाठीच. पितळी व्हॉल्व्हजवळ जीआय पाइप आधी कुजतो, कारण दोन भिन्न धातू पाण्यात जोडले की अधिक क्रियाशील असलेला बळी जातो. सुट्टीवरून परतल्यावर नळाला पहिल्यांदा येणारे लालसर पाणी बहुधा अशाच पाइपातले असते.

दगडाचे क्षरण संथ, पण आम्लासमोर तेही चटकन होते. कडप्पा हा चुनखडक. ओट्यावर लिंबू किंवा कोकम सांडले की पांढुरका डाग पडतो. पारसिकच्या डोंगरातला काळा बेसाल्ट आम्लाला सहजी दाद देत नाही, मात्र शतकानुशतकांच्या पावसाने त्यातली खनिजे मातीत बदलतात आणि खडक कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. काचेतला सोडियम पाण्यात हळूहळू उतरून ती धुरकट होते. बाथरूमच्या काचेवरचे पांढरे डाग मात्र जड पाण्याच्या क्षारांचे. प्लास्टिकच्या पाइपाला गंज नाही, पण गच्चीवर उन्हात पडला की तो ठिसूळ होतो. खाडीत लाकडाचे वैरी दुसरेच : शिंपल्यांच्या कुळातले पोखरकिडे नावेचा तळ आतून पोकळ करतात, वरून मात्र टाचणीएवढे भोकच दिसते.