पद्मावती (पवाया)

नागवंशीय राजांची प्राचीन राजधानी. आजचे स्थान : मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर जिल्ह्यात, भितरवारच्या परिसरातले पवाया हे लहानसे खेडे. ग्वाल्हेर शहराच्या दक्षिणेला, डबऱ्याकडून जावे लागते. गाव सिंध आणि पार्वती या नद्यांच्या बेचक्यात वसले आहे. ही सिंध म्हणजे पंजाबकडची सिंधू नव्हे. माळव्यात उगम पावून पुढे यमुनेला मिळणारी ही नदी.

पद्मावतीचा ठावठिकाणा सांगितला तो मुख्यतः एका नाटकाने. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधव’ची कथा या नगरीत घडवली. त्यातला माधवही विदर्भाचाच. कुंडिनपुराहून तो इथे तर्कविद्या शिकायला येतो. नवव्या अंकात सौदामिनी ही योगिनी आकाशातून नगरी पाहते आणि खालचा प्रदेश सांगत जाते : सिंधू व पारा, लवणा, सिंधूचा धबधबा, मधुमतीचा संगम. कवीने या नद्या मनाने रचलेल्या नाहीत. सिंधू म्हणजे हीच सिंध, पारा म्हणजे पार्वती, लवणा म्हणजे नोन, मधुमती म्हणजे महुअर. धबधबाही धूमेश्वर महादेवाच्या देवळाजवळ आजही पडतो.

पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने सिंधेच्याच काठी, पण वरच्या अंगाला असलेले नरवर हे पद्मावती मानले होते. मात्र तिथे नद्यांचा हिशेब जुळत नाही. पवायाची बाजू शिंदे संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी १९१५-१६ च्या अहवालात सप्रमाण मांडली. पुढे १९२४-२५ पासून तिथे उत्खनन केले. विटांच्या प्रचंड, पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यावरचे देवालय त्यात उघडे पडले. नाग राजांची नाणी तर आसपास मुबलक मिळतात. मणिभद्र यक्षाच्या मूर्तीवर शिवनंदी राजाच्या चौथ्या वर्षाचा लेख आहे. ही मूर्ती भक्तांच्या एका गोष्ठीने, म्हणजे मंडळानेच म्हणा ना, बसवली. इथल्याच एका तोरणपट्टावर, म्हणजे तोरणाच्या आडव्या दगडी पट्टीवर, मधोमध नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. यक्ष आणि तोरणपट्ट आता ग्वाल्हेरच्या गूजरी महालातील संग्रहालयात आहेत. पवायाला जाण्याआधी ते पाहावेत, कारण गावात नुसती पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, पाहून नगरी डोळ्यांपुढे उभी राहणे कठीण.

विष्णुपुराणात नागांच्या तीन राजधान्या येतात : पद्मावती, कांतिपुरी, मथुरा. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांचा सम्राट पहिला प्रवरसेन याच्या मुलाला, गौतमीपुत्राला, भारशिव या नागकुळातल्या भवनागाची मुलगी दिली होती. नाणी पाडणारा पद्मावतीचा भवनाग तोच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर विदर्भाशी या गावाची सोयरीक भवभूतीच्या कितीतरी आधीची. चौथ्या शतकात समुद्रगुप्ताने गणपतिनाग या नाग राजाला उखडले, हे प्रयाग प्रशस्तीत, म्हणजे समुद्रगुप्ताच्या विजयांच्या स्तंभलेखात, नोंदले आहे. पद्मावतीचा नागसेन मात्र मैनेने गुपित फोडल्यामुळे बुडाला, असे बाणभट्ट ‘हर्षचरिता’त सांगतो.