तलावावरील वीजसुरक्षा (नागपूर परिसर)

विजांच्या वादळात नौकाविहार करणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा पाण्यात उतरून काम करणाऱ्या माणसांनी घ्यायची खबरदारी. फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर हे नागपूर शहरातले तलाव आणि रामटेकजवळचे खिंडसी यांवर माणसांची सतत ये-जा असल्याने इथे हा विषय पुस्तकात ठेवून भागत नाही.

विदर्भात विजांचा जोर दोन काळांत जास्त असतो. एप्रिलपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर ढग चढतात. नेमकी तीच वेळ उकाड्याने हैराण झालेल्या लोकांची तलावावर येण्याची. दुसरा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाचा. तेव्हा सहलवाले कमी, पण शिंगाड्याचा हंगाम तोंडावर आलेला असतो, आणि डोंग्यातून किंवा कमरेएवढ्या पाण्यातून फिरणाऱ्या ढिवरांना (मासेमारांना) काम सोडून येणे परवडत नाही. सुरक्षेच्या बहुतेक सूचना मात्र हौशी लोकांना समोर ठेवून लिहिलेल्या दिसतात.

वीज साधारणतः आसपासच्या उंच, सुट्या वस्तूवर पडते. सपाट पाण्यावर ती वस्तू म्हणजे नाव, नावेतला माणूस किंवा पोहणाऱ्याचे डोके. पाण्यावर पडलेली वीज मुख्यतः पृष्ठभागावर पसरते आणि अंतराबरोबर क्षीण होत जाते. म्हणून खोलवरचे मासे बहुधा वाचतात. माणसाला तो आडोसा नाही, कारण श्वासासाठी वर यावेच लागते. शिवाय गोड्या पाण्यापेक्षा मानवी शरीरातून विद्युतप्रवाह अधिक सहज वाहतो, त्यामुळे थेट अंगावर न पडलेली वीजही पोहणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आजही ऐकू येते. जन्मताना पाय आधी आले की डोके, याच्याशी विजेला काही देणेघेणे नाही. खिशातला मोबाईलही वीज ओढून घेत नाही.

सगळा प्रश्न वेळेचा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून 3 ने भागले की वादळाचे अंतर किलोमीटरमध्ये कळते. 30 सेकंद म्हणजे सुमारे 10 किमी. ताशी 40 किमी वेगाने येणारे वादळ हे अंतर 15 मिनिटांत कापते. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत असलेल्या पायडलबोटीला परतायला, समोरून वारा नसेल तर, सात-आठ मिनिटे लागतात. वादळापूर्वीचा वारा मात्र बहुधा सुटलेलाच असतो. म्हणून मोजत बसण्यापेक्षा पहिला गडगडाट कानावर येताच नाव वळवावी. पाऊस सुरू व्हायची वाट पाहू नये. वीज पावसाच्या पट्ट्याबाहेर कित्येक किलोमीटरवरही पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल अ‍ॅप 20 ते 40 किमी परिसरातील विजांची सूचना देते.

नाव पाण्यातच अडकली, तर उभे राहू नये, मध्यभागी खाली वाकून बसावे, हातपाय पाण्याबाहेर ठेवावेत, गळ आणि वल्ही आडवी करावीत, जीवरक्षक जाकीट काढू नये. याने धोका कमी होतो, टळत नाही. मोठ्या नौकांवर उंच वीजवाहक दांडा जाड तांब्याच्या तारेने पाण्याखालच्या धातूच्या पट्टीला जोडतात. फायबरच्या उघड्या पायडलबोटीत अशी सोय नसते.

किनाऱ्याला लागल्यावरही सुटका होत नाही. झाडाखाली, चहाच्या टपरीत, उघड्या मंडपात थांबणे घातकच. पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली, पत्र्याच्या टपाची मोटार चालते. फुटाळ्यावर येणारे बरेचसे जण दुचाकीवरचे, त्यामुळे जवळची पक्की इमारत कोणती, हे नावेत बसण्याआधीच पाहून ठेवलेले बरे. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर 30 मिनिटे पुन्हा पाण्यात उतरू नये.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी, श्वास व नाडी बंद असल्यास सीपीआर (छाती दाबणे व तोंडाने श्वास देणे) सुरू करावा. एकाच वेळी अनेकांना धक्का बसला असेल, तर नेहमीचा क्रम उलटतो : कण्हणारे, श्वास घेणारे बहुधा जगतात, म्हणून आधी निपचित पडलेल्यांकडे धावावे.