पार्श्वभूमी : गोपनीयता नेमकी कुणाची?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रुजू होताना ज्या कागदांवर सह्या होतात, त्यात बऱ्याचदा एक ‘गोपनीयता करार’ असतो. ड्रॉइंग, दर, ग्राहकांची नावं बाहेर सांगायची नाहीत. त्याच दिवशी कामगार आधार-पॅनच्या झेरॉक्स, पासबुक आणि अंगठ्याचा ठसाही देऊन मोकळा होतो. त्याबद्दल करारात सहसा ओळही नसते. पंचाईत अशी की कंपनीचं गुपित आणि माणसाचं खासगीपण, दोन्हींना आपण ‘गोपनीयता’च म्हणतो.

पहिली गोपनीयता जुनी. नोटा छापणाऱ्या नाशिकरोडला ती नवी सांगायला नको. शासकीय गुपितांचा कायदा १९२३चा. खासगी उद्योगात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्याची बाजू घेतली : कराराची मुदत संपेपर्यंत तिथल्या शिफ्ट सुपरवायझरला दुसरीकडे तेच काम करता येणार नाही. नोकरी सुटल्यावरची बंदी मात्र १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७पुढे सहसा टिकत नाही.

दुसरी गोपनीयता कायद्यात आली ती २००९ला, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मधून. २०११च्या नियमांनी बोटांचे ठसे, आजारपणाची माहिती ‘संवेदनशील’ ठरवून लेखी संमती मागितली. २०१७ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला.

खरा घोळ पुढे झाला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करायचं ठरलं. त्याच्या २०१८ आणि २०१९च्या मसुद्यांत नोकरीपुरती संमतीतून सूट होती, पण संवेदनशील माहिती त्या सुटीबाहेर होती. २०२२च्या मसुद्यात ‘मानीव संमती’ आली. बिल्डरने मालकी नावावर करून दिली नाही तरी सोसायटीला मिळणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणासारखीच ही : समोरच्याने दिली नाही, तरी दिली असं धरायचं. टीका झाली, शब्द गेला, आशय उरला. शेवटी झालेल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातल्या कलम ७नुसार नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, उदाहरणार्थ व्यापारी गुपितं राखण्यासाठी, संमती लागत नाही. ‘संवेदनशील’ हा वर्गच उडाला. अंगठा आणि घरचा पत्ता एका रांगेत आले. म्हणजे पहिल्या गोपनीयतेच्या नावाखाली दुसरी उघडायची सोय झाली.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले; मुख्य तरतुदी दीड वर्षानंतर लागू होतील. तेव्हा ४३अ जाईल, आणि त्यासोबत माहिती नीट न जपल्यास त्या कलमाखाली मागता येणारी नुकसानभरपाईही. नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो.