४.८ मीटरची भरती म्हणजे ४.८ मीटरची लाट नव्हे

दर पावसाळ्यात एकदा तरी टीव्हीवर येतंच, "आज समुद्रात ४.८ मीटर उंच लाटा उसळणार", आणि आपले गरवायला (गळाने मासे धरायला) जाणारे लोक पण तेच फॉरवर्ड करत बसतात. अहो तो आकडा लाटेचा नाहीच, भरतीचा आहे. बातमी देणाऱ्याचं सोडा, पण रोज हातात गरी घेणाऱ्याने तरी हे घोळवू नये.

भरती-ओहोटी तुम्हाला माहितीच आहे. दिवसातून दोनदा, रोज पाऊण-एक तास पुढे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते (चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा), पुनव-अवसेच्या आसपास उधाण (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात जास्त), अष्टमी-नवमीला भांग (फरक सगळ्यात कमी). यावर वेळ घालवत नाही.

घोळ आकड्यात आहे. भरतीच्या तक्त्यातले ४.८ मीटर मोजतात ते जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, तुमच्या समोर दिसतंय त्या पाण्यापासून नाही. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्याच्या अडीच मीटर वर आहे, म्हणजे ४.८ ची भरती ही सरासरीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटर जास्त पाणी, आणि तेही सहा तासांत गुपचूप चढलेलं. वारा नसेल, बाहेरून लाट येत नसेल तर एवढ्या उधाणालाही समुद्र शांत असतो. टाकीत पाणी किती चढलंय ही भरती, आणि त्याच टाकीत कुणी हात मारून पाणी हिंदकळवलं ती लाट. लाट करतो वारा, चंद्राचा तिच्याशी संबंध नाही, आणि तो वारा इथलाच असेल असंही नाही, पार दक्षिण महासागरातल्या वादळाची लाट हजारो किलोमीटर चालत कोकणात येते आणि इथे तर पान हलत नसतं. म्हणूनच भरतीचा तक्ता वर्षभर आधी छापता येतो, लाटेचा अंदाज मात्र चार-पाच दिवसांपुढे धरून चालू नका.

याच्या उलटा घोळ जास्त वाईट. "आज भांग आहे, पाणी मरतंय, चला खडपावर (किनाऱ्याच्या कातळावर) तांबोशी मासा गरवायला." भांग असला तरी लाट येऊ शकते ना भाऊ! अंदाजात दीड मीटर लिहिलंय म्हणजे प्रत्येक लाट दीड मीटर असंही नसतं, तो मोठ्यातल्या मोठ्या एक तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो, मधूनच जवळपास दुप्पट येते. आणि त्याच्या शेजारी सेकंदात पिरियड, म्हणजे एका लाटेनंतर पुढची यायला लागणारा वेळ, दिलेला असतो तो कोणी बघतच नाही. पाच-सहा सेकंदांची लाट दिसते भांडखोर पण खडपावर आपटून फुटते नि संपते, पंधरा-सोळा सेकंदांची लाट मीटरभरच असली तरी कातळावर चढतच जाते, आणि दोन मोठ्या खेपांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं काहीच नसतं म्हणून माणूस अजून दोन पावलं पुढे सरकतो. इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा असेल तर तिथी काही का असेना, मी खडपावर जात नाही आणि जाणाऱ्याबरोबर पण जात नाही.

खाडीत चित्र पूर्ण उलटं. भाट्याच्या खाडीत, जयगडला किंवा कर्लीत आत गेलात की लाटेचा आकडा विसरा, तिथे फक्त भरती बघायची. चिंबोरी (खेकडा) चढत्या पाण्याबरोबर कांदळवनात चरायला शिरते, त्यामुळे रिंगची जाळी पाणी चढायला लागल्यावर टाका, ओहोटी संपत आल्यावर नाही. ऐन उधाणाला ओढ इतकी असते की जाळी जागेवर राहत नाही, ऐन भांगात पाणी इतकं मंद की आमिषाचा वास पसरत नाही, मला विचाराल तर चतुर्थी-पंचमी नि एकादशी-द्वादशी बरी. (पोटाखाली अंड्यांचा गोळा असलेली मादी सोडून द्या, ती फोटोपुरतीसुद्धा पाण्याबाहेर ठेवू नका.)

दोन्ही आकडे एकदम बघायची जागा एकच, खाडीचं तोंड. उधाणाच्या ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतंय आणि समोरून लाट आत येतेय, अशा वेळी तीच लाट आखूड नि उभी होते आणि बारवर (तोंडाशी साचलेल्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर) फुटायला लागते. भरतीला ज्या तोंडातून होडी आरामात आत आली तिथूनच तीन तासांनी बाहेर पडताना ती उलटू शकते. मोठी ओहोटी आणि मोठी लाट एकत्र असेल तर पाणी फिरेपर्यंत आतच थांबा, जाळी अजून एकदा टाका.

आणि मालवणात बसून मुंबईचा तक्ता वाचू नका राव. दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो, वेळही वेगळी, आणि खाडीत जितके आत जाल तितकी भरती तोंडापेक्षा उशिरा पोचते. जवळच्या बंदराचा तक्ता घ्या.