बृहदांत्र कर्करोग : अर्बुदाचे स्थान व लसीका ग्रंथी

बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती काळ जगतो, हे मुख्यतः रोगाच्या अवस्थेवर (तो किती पसरला आहे यावर) ठरते. त्या खालोखाल दोन गोष्टी विचारात घेतात : अर्बुद (कर्करोगाची गाठ) आतड्याच्या उजव्या बाजूला आहे की डाव्या, आणि काढलेल्या भागात किती लसीका ग्रंथी (रोग ज्यांत प्रथम पसरतो अशा लहान गाठी) तपासल्या गेल्या.

उंडुक (मोठ्या आतड्याची सुरुवात), आरोही (वर जाणारे) बृहदांत्र आणि अनुप्रस्थ (आडव्या) बृहदांत्राचा सुमारे दोन तृतीयांश भाग गर्भावस्थेतील मध्यांत्रापासून बनतो. उरलेला अनुप्रस्थ, अवरोही (खाली उतरणारा) व अवग्रहाकृती (एस-आकाराचा) भाग पश्चांत्रापासून. दोहोंच्या रक्तवाहिन्याही वेगळ्या असतात. अभ्यासांत मात्र सीमारेषा बहुधा प्लीहेजवळच्या वळणावर आखतात. काही अभ्यासक अनुप्रस्थ भाग वगळूनच टाकतात. निष्कर्षांतली थोडीफार तफावत या आखणीतूनच येते. दोन्ही बाजूंचे कर्करोग मुळात वेगळे असावेत, ही मांडणी ब्युफिल या संशोधकाने 1990 मध्ये केली. उजवीकडे सूक्ष्मउपग्रह-अस्थिरता (डीएनए-दुरुस्ती बिघडल्याने त्यात चुका साचणे), पेशींच्या वाढीशी संबंधित बीआरएएफ जनुकातील उत्परिवर्तन व श्लेष्मल (चिकट स्राव करणाऱ्या) प्रकारची अर्बुदे अधिक, तर डावीकडे गुणसूत्रीय अस्थिरता (गुणसूत्रांची संख्या वा रचना बिघडणे) अधिक आढळते. उजवीकडे आतडे रुंद व मळ पातळ असल्याने अडथळा उशिरा येतो. रक्तक्षयावरून रोग उघडकीस येण्याचे प्रमाण तिथे जास्त.

66 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (2017) डाव्या बाजूच्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे 18 टक्के कमी आढळला. सरसकट सरासरी इथे दिशाभूल करू शकते. अमेरिकेतील वृद्ध रुग्णांच्या 2011 च्या अभ्यासात एकूण फरक दिसलाच नाही : दुसऱ्या अवस्थेत (ग्रंथी निरोगी) उजव्या बाजूचे रुग्ण किंचित सरस ठरले, तिसऱ्या अवस्थेत (ग्रंथी बाधित) डाव्या बाजूचे. दुसऱ्या अवस्थेतील सूक्ष्मउपग्रह-अस्थिर अर्बुदे सहसा सौम्य वागतात, हे याचे अधिक पटणारे स्पष्टीकरण. दूरवर पसरलेल्या रोगात मात्र डाव्या बाजूचे पारडे स्पष्टपणे जड राहते, आणि ईजीएफआर-रोधक औषधांचा (कर्कपेशींना मिळणारा वाढीचा संकेत अडवणाऱ्या) उपयोगही तिथेच अधिक होतो.

लसीका ग्रंथींची किमान संख्या 12 असावी, ही शिफारस 1990 च्या सिडनी येथील जागतिक जठरांत्ररोग परिषदेतील कार्यगटाची. नमुना तपासताना आंत्रबंधाची (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याची) चरबी पातळ कापून बोटांनी चाचपतात. कर्कपेशी असलेली ग्रंथी कधी मसुराच्या दाण्याएवढीही नसते. त्यामुळे संख्या शल्यचिकित्सकाइतकीच विकृतिवैज्ञानिकाच्या (नमुना तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या) चिकाटीवर, तसेच रुग्णाचे वय व काढलेल्या आतड्याची लांबी यांवर अवलंबून राहते. उजव्या बाजूच्या नमुन्यात ग्रंथी साधारणतः अधिक मिळतात.

जास्त ग्रंथी तपासलेले रुग्ण जास्त काळ जगतात, हे अनेक अभ्यासांत दिसले. कारणाबद्दल वाद आहे. एक मत असे की विस्तृत छेदनाने (अधिक भाग काढल्याने) रोगच अधिक निघून जातो. दुसरे मत अवस्था-स्थलांतराचे. दहाव्या ग्रंथीवर थांबल्यास रुग्ण दुसऱ्या अवस्थेत मोडतो. अकराव्या ग्रंथीत कर्कपेशी सापडल्यास तिसऱ्या. दुसऱ्या अवस्थेच्या गटातून लपलेल्या प्रसाराचा रुग्ण गेला आणि तिसऱ्या अवस्थेच्या गटात सौम्य रोगाचा रुग्ण आला, म्हणून दोन्ही गटांची सरासरी सुधारते, कोणाचेही आयुष्य एका दिवसानेही न वाढता. विल रॉजर्स या विनोदकाराच्या एका उक्तीवरून फाइनस्टाइन व सहकारी संशोधकांनी 1985 मध्ये या आभासाला रॉजर्स यांचेच नाव दिले. पण ग्रंथी निरोगी असलेल्या रुग्णांतही संख्येचा संबंध टिकतो, आणि ज्यांच्या ग्रंथी बाधित आहेत त्यांच्यातही. तेव्हा केवळ स्थलांतराने सगळे उलगडत नाही. रुग्णाची प्रतिकारशक्ती चांगली असल्यास ग्रंथी मोठ्या होऊन सहज सापडतात, हा तिसरा तर्कही विचारार्ह आहे. 2007 मध्ये रुग्णालयांची तुलना करता, जिथे ग्रंथी अधिक तपासल्या जात तिथे आयुर्मान अधिक आढळले नाही. संख्या ही उपचारापेक्षा कामाच्या दर्जाची व निदानाच्या विश्वासार्हतेची खूण मानणे म्हणूनच अधिक सुरक्षित.

जर्मनीतील एर्लांगेन येथील शल्यचिकित्सक होहेनबेर्गर यांनी 2009 मध्ये मांडलेल्या संपूर्ण आंत्रबंध-छेदनात आंत्रबंधाचे वेष्टन अखंड ठेवून मुख्य रक्तवाहिनी मुळापाशी बांधतात. जपानमधील डी-3 छेदन (मुख्य रक्तवाहिनीच्या मुळापर्यंतच्या ग्रंथी काढणे) त्याच्या जवळचे. होहेनबेर्गर यांच्या मालिकेत पाच वर्षांचे कर्करोगसापेक्ष जगण्याचे प्रमाण 82.1 वरून 89.1 टक्क्यांवर गेले, परंतु ती वेगवेगळ्या कालखंडांतील रुग्णांची तुलना होती. उजव्या बाजूच्या अर्बुदांवरील चीनमधील यादृच्छिक (रुग्णांचे गट चिठ्ठ्यांप्रमाणे पाडणाऱ्या) चाचणीत (2024) या पद्धतीने तीन वर्षांचे रोगमुक्त जगण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, तरी संख्याशास्त्रीय निकषावर ती श्रेष्ठ ठरली नाही.